आत कोन हाय

आधीच सांगून टाकते, या ग्रुपवर मी आले ती टवाळी करायला. इथले भुताखेतांचे अनुभव वाचायचे, खाली "झोप पूर्ण घ्या" अशी कमेंट टाकायची आणि डबा उघडायचा... ऑफिसमधला माझा जेवणाच्या सुट्टीतला आवडता उद्योग होता तो. जुन्या सभासदांना माझं नाव आठवत असेल, काहींनी मला वैतागून ब्लॉकही केलंय. त्यांनी आता हसायला हरकत नाही.

मी सांगलीत विश्रामबागला एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. नदीवरून शेताला पाणी उचलणाऱ्या ज्या सोसायट्या असतात, त्यांच्या मोटारी मोबाईलवरून चालू-बंद करायचं ॲप आमची कंपनी बनवते. त्यात माझ्याकडे लॉगिनचा भाग. बाहेरच्यांना वाटतं, लॉगिन म्हणजे काय, नंबर टाकायचा, पासवर्ड टाकायचा, झालं. पण मोटर चालू करण्याआधी सिस्टीमला दोन प्रश्नांची उत्तरं मिळावी लागतात... तू कोण? आणि हे करायचा तुला अधिकार आहे का? त्यासाठी तयार सिक्युरिटी फ्रेमवर्क मिळतं. ती दाराची चौकट समजा. कुलूप कसलं बसवायचं, किल्ली कुणाकुणाला द्यायची, कितीदा चुकलं की दार बंद करायचं, हे आम्ही ठरवतो. माझा पगार त्या कुलपाचा.

माझं माहेर कराडच्या खाली, कृष्णाकाठी. हायवे सोडून उसातल्या रस्त्यानं नदीकडे गेलं की आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, सोसायटीतली माणसं उगाच माझ्या वडिलांना प्रश्न विचारून भंडावतील. नदीला लागून सोसायटीची जॅकवेल आहे. म्हणजे काठावर बांधलेली गोल, खोल सिमेंटची विहीर. नदीचं पाणी त्यात येतं, वर मोटारी बसवलेल्या असतात आणि आत उतरायला लोखंडी शिडी. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाला जाळी असते. त्या जाळीत जलपर्णी अडकली की कुणीतरी उतरून हातानं काढावी लागते.

या मोटारी माझे मोठे चुलते चालवायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. फौजेतून रिटायर झाल्यावर त्यांनी सोसायटीत हे काम धरलं ते शेवटपर्यंत. आवाज असा की नदीपलीकडच्या माणसाला यांनी फोन करायची गरज नसायची. त्यांची एक पद्धत होती. स्टार्टर दाबण्याआधी जॅकवेलच्या तोंडाशी उभं राहायचं आणि आत हाक द्यायची, "आत कोन हाय?" थांबायचं. परत हाक. थांबायचं. परत हाक. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, तरच बटण. जॅकवेलीत आवाज घुमतो, पहिली हाक वायाच जाते, असं त्यांचं म्हणणं. आत काळं कुत्रं नाही हे डोळ्यांनी दिसत असलं तरी हाका द्यायचेच. धुणं धुणाऱ्या बायका मुद्दाम बारीक आवाजात "मी हाय, मी" म्हणायच्या आणि मग आबा जे काही बोलायचे ते मी इथे लिहीत नाही.

आमच्या कंपनीचं ॲप त्या सोसायटीत बसलं तेव्हा मला वाटलं होतं, आबा पहिले विरोध करतील. कसलं काय. सगळ्यात आधी त्यांनीच फोन पुढे केला. पुतणीनं केलंय म्हणून गावभर मिरवून झालं. फक्त पासवर्ड त्यांच्या डोक्यात एक दिवस टिकला तर शपथ. नंबरच्या चौकटीत नाव लिहायचे, नावाच्या जागी गाव लिहायचे आणि मग मला फोन.

"पोरी, तुजं मशीन मला वळखत न्हाई."

"आबा, पासवर्ड चुकतोय तुमचा."

"मग बरूबर कंचा हाय त्यो सांग की."

"मलाही दिसत नाही आबा. तो कुणालाच दिसत नाही, तशीच सोय असते."

"मग तू कशाची इंजिनेर? तुज्या बापाला, आमच्या धाकट्याला, हाक मारली तर त्यो नुसत्या आवाजावनं वळखतो मला. आन् तुजं मशीन?"

धाकट्या म्हणजे माझे वडील. वय पासष्टीच्या पुढे, घरात नातवंडं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मान... पण आबा चारचौघांत त्यांना "रं धाकट्या" अशीच हाक मारायचे. दुसरं कुणी तसं म्हणायचा प्रश्नच नव्हता. आम्हा पोरांचे ते अण्णा, गावाचेही अण्णाच.

आबांच्या या भानगडींमुळे मी नंबरच्या चौकटीत आकड्याशिवाय काही लिहिताच येणार नाही असं करून टाकलं. फोनवर तिथे फक्त आकड्यांचा कीपॅड उघडतो. कुणी आडमार्गानं अक्षरं पाठवलीच, तर सर्व्हर ती दारातच टाकून देतो, पुढे येऊ देत नाही. हे लक्षात ठेवा. आणि दुसरं, तीनदा पासवर्ड चुकला की खातं बंद व्हायची सोय आम्ही सगळीकडे देतो, पण आमच्या गावच्या कमिटीनं ती नको म्हणून सांगितलं होतं. म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. त्या सोसायटीपुरती ती सोय मी माझ्या हातानं बंद केली होती. हेही लक्षात ठेवा.

गेल्या पावसाळ्यात आबा गेले. छातीत दुखायला लागलं, कराडला नेलं, परत आणलं ते तसंच. दिवसकार्य झाल्यावर कमिटीनं कळवलं म्हणून मी त्यांचं खातं बंद केलं. सिस्टीम विचारते ना, खात्री आहे का म्हणून... तिथे मात्र मी ऑफिसमध्ये सगळ्यांसमोर रडले. ती चौकट मीच लिहिलेली होती.

त्यांच्यानंतर मोटारी त्यांचा मुलगा संजू बघायला लागला. चांगला मुलगा आहे, कामाला वाघ. पण तो कशाला नदीवर जाऊन हाका देईल? लाइट आली की असेल तिथून फोनवर बटण दाबायचं. ॲप त्यासाठीच तर होतं. हाका बंद झाल्या आणि त्या बंद झाल्या हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता तो दिवस. उन्हाळा लागला होता. जेवणाची सुट्टी, टळटळीत ऊन, ऑफिसचा एसी बिघडलेला. सकाळपासून माझं कशात लक्ष लागत नव्हतं. उगाच पाणी प्यायला उठायचं, खिडकीशी जायचं, परत बसायचं. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणालीसुद्धा, ताई, बसा की एका जागी. डबा उघडला आणि फोनवर अलर्ट आला. आमच्या गावच्या सोसायटीत कुणाचं तरी लॉगिन फसलं होतं. अशा वेळी कुठल्या नंबरवरून प्रयत्न झाला तो दिसतो.

नंबरच्या जागी लिहिलं होतं, आत कोन हाय.

मी बघतच राहिले. तेवढ्यात दुसरा अलर्ट. आत कोन हाय. आणि घास हातात असतानाच तिसरा. तीच अक्षरं. प्रत्येकाखाली सिस्टीमचं ठरलेलं उत्तर, हा वापरकर्ता सापडला नाही. आणि त्याला लागून शेवटचा अलर्ट, खातं बंद करण्यात आलं आहे. खातं कुणाचं? संजूचं.

माझ्या डोक्यात पहिल्यांदा राग आला. वाटलं, संज्याला काही काम नाही, बापाच्या नावानं गंमत करतोय. पण त्या चौकटीत अक्षरं येऊच शकत नाहीत हे माझ्याइतकं कुणाला माहीत? मी फोन उचलेपर्यंत त्याचाच फोन आला.

"ताई, माजं खातं बंद दावतंय. उघड लवकर."

"तू काय टाइप केलंस?"

"कायबी न्हाई. लाइट आली म्हनून मेसेज आला, ॲप उघडलं, सुरू दाबलं, तर म्हनतंय खातं बंद हाय."

"आत कोन हाय असं कुणी लिहिलं मग?"

त्याचा आवाज एकदम खाली आला. मग म्हणाला, "ताई, दुसरी कसलीबी चेष्टा कर. आबांची नगं."

"चेष्टा नाही रे. इथे आलंय तसं."

"आलं आसंल. तू आदी खातं उघड. खालच्या आळीची पाळी हाय, लोकं फोनवर फोन करत्यात. मी हितं कराडात ट्रॅक्टरच्या पार्टला आलोय, मला काय उडत जाता येतंय व्हय?"

खातं उघडणं हे माझ्यासाठी एका बटणाचं काम. स्क्रीनवर चौकट आली, खातं उघडायचं का, हो, नाही. माझं बोट माउसवर. आणि ते दाबवेना... भीती वाटली म्हणावं तर तसंही नव्हतं. संजू फोनवर "उघडलंस का, उघडलंस का" करतोय आणि मला त्या तीन ओळींवरून नजर काढता येत नाही. मला स्वतःचाच संताप आला. शिकलेली बाई, काय चाललंय हे?

शेवटी जे लिहिलं होतं तेच मी विचारलं. "संजू, जॅकवेलीत कुणी उतरलंय का?"

"कोन उतरनार? सकाळपास्नं लाइट न्हवती, कुनी फिरकलं न्हाई तिकडं."

"अण्णा कुठे आहेत?"

"घरी आसत्याल. जेवत आसत्याल."

त्याचा फोन तसाच ठेवला आणि अण्णांना लावला. रिंग वाजली, वाजली... उचलला आईनं.

"आगं, फोन हितंच हाय त्यांचा, चार्जिंगला. त्यांनी मगाशीच नदी गाठली. म्हनले, जाळीत जलपर्णी बसलीया, लाइट यायच्या आत काढून येतो."

"आई, लाइट आलीय."

"आँ? ती तर तिनीसांजंला यायची हुती ना?"

लाइटची वेळ त्या दिवशी बदलली होती. मेसेज ग्रुपवर आला होता आणि अण्णा त्या ग्रुपवर नाहीत. जाळीत हात असताना वरची मोटर सुरू झाली तर पाण्याची ओढ हातासकट माणसाला कशी खेचते, हे आमच्याकडे कुणालाही विचारावं लागत नाही. मला अण्णांचे हात दिसायला लागले.

आईला सांगितलं, शेजारच्या दत्ताला गाडीवरून पळव आधी. आणि मग आठवलं... मोटर सुरू करायचा अधिकार एकट्या संजूला नव्हता. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही होता. लोकांचे फोन त्यांनाही जात असणार आणि त्यांचं खातं चालू होतं. त्यांना फोन लावला, एंगेज. मग मी जे केलं ते करायला मला वरून परवानगी लागते, पण ती कोण मागत बसणार? मी अख्खी सोसायटीच बाहेर काढली. सेक्रेटरी, चेअरमन, आमच्या कंपनीचे लोक, एकालाही आत घेऊ नकोस म्हणून सिस्टीमला सांगितलं. पासवर्ड बरोबर असला तरी नाही.

ते झालं आणि लगेच सेक्रेटरींचा नंबर स्क्रीनवर दिसला. त्यांचा नंबर बरोबर, पासवर्ड बरोबर. सिस्टीमनं नकार दिला होता. ते परत प्रयत्न करत होते, परत नकार. मी खुर्चीवरून उठले आणि दोन्ही हात टेबलावर टेकून उभी राहिले. माझे सर येऊन विचारायला लागले, कुणी सर्व्हर बंद केला, क्लायंट ओरडतोय. मी त्यांना म्हणाले, सर, माझे वडील आत आहेत. त्यांना काही कळलं नसणार, पण ते गप्प उभे राहिले माझ्याशेजारी, हे मी विसरणार नाही.

दत्ताचा फोन यायला किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. आला तेव्हा आधी त्याची धाप ऐकू आली आणि मग मागून अण्णांचा वैतागलेला आवाज.

"काय गं, कामावर न्हाईस व्हय? ह्या दत्त्याला कशाला पळीवलंस उनाचं?"

मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले आणि पोटभर रडून घेतलं.

पुढचे दिवस आम्ही शोधत बसलो. सर हुशार आहेत, असल्या गोष्टींवर त्यांचाही विश्वास नाही. ते तीन प्रयत्न कुठून आले हे निघालं. ते कुणाच्या फोनवरून आलेच नव्हते. जॅकवेलवर भिंतीला जे कंट्रोल पॅनेल आहे, त्यातल्या सिमकार्डावरून आले होते. त्या पॅनेलला ना कीबोर्ड, ना पडदा. मोटर चालू आहे की बंद, पाणी किती, एवढं ते कळवतं. लॉगिनच्या दाराशी त्याचं काही कामच नाही. सर म्हणाले, सिग्नल खराब असेल तर कचरा डेटा येतो. मी म्हटलं, सर, कचरा तीनदा एकसारखा येतो? आणि आमच्या गावच्या बोलीत? आणि तो अक्षरांना बंद असलेल्या दारातून आत कसा शिरला? त्यानं संजूचंच खातं कसं बंद केलं? मुळात खातं बंद व्हायची सोयच तिथे बंद होती, ती मी पुन्हा पुन्हा तपासली, आजही बंदच आहे. सरांनी बग म्हणून नोंद केली. ती अजून तशीच उघडी आहे, कुणी हात लावत नाही.

शनिवारी मी गावी गेले. मनात होतं, अण्णांना चांगलं फैलावर घ्यायचं. एकटे उतरता, फ्यूज काढत नाही, फोन घरी ठेवता... अण्णा ओसरीवर चहा पीत बसले होते. दोन्ही हातांत बशी धरलेली. ते हात बघितले आणि माझं अर्धं भांडण तिथेच संपलं. तरी बोललेच.

"वर बघायला कुणी नसताना आत उतरायचं असतं का अण्णा?"

"वर कोन न्हवतं आसं कसं?" अण्णा म्हणाले. "संजा हुता की. त्यानं हाका दिल्या, मी ओ दिली."

"कसल्या हाका?"

"त्याच की, आबा द्यायचा तसल्या. आत कोन हाय म्हनून. मला बरं वाटलं, म्हनलं पोरगं बापाची रीत धरतंय. मी वरडून सांगितलं, मी हाय, जाळी काडतोय, मोटर लावू नगंस. मग गप झालं."

आई दारात उभी होती. ती आत निघून गेली.

"अण्णा, संजू कराडला होता. तिथूनच मला फोन लावला त्यानं."

त्यांनी बशी खाली ठेवली. मी विचारलं, आवाज कुणासारखा होता? तर म्हणाले, जॅकवेलीत आवाज घुमतो, कुणाचाबी वाटतो. मी विचारलं, दत्ता असेल का? म्हणाले, दत्त्या मागनं आला. खरं सांगते, त्यांनी आणखी काही बोलू नये असं मला वाटत होतं आणि बोलावं असंही वाटत होतं. अंगणातून घरात, घरातून अंगणात अशा माझ्या येरझारा चालल्या होत्या.

संध्याकाळी मला एसटीला सोडायला ते फाट्यापर्यंत आले. गाडी लांबून दिसायला लागली, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पयल्या दोन हाकांला मी ओ दिली न्हाई. तोंडात कोयती हुती, हात गुतलं हुतं. तिसऱ्या हाकंला म्हनला, आत कोन हाय, रं धाकट्या? मी ओ दिली. मगाशी तू कराडचं सांगितलंस तवा ध्यानात आलं... संजा मला धाकट्या कशाला म्हनंल?"

गाडी आली. त्यांनी माझी पिशवी वर चढवून दिली.

इथल्या जुन्या लोकांनी आपापले तर्क लिहावेत, मी कुणाखालीही कमेंट टाकणार नाही. संजू आता कुठेही असला तरी मोटर लावायला नदीवर जातो आणि जॅकवेलच्या तोंडाशी उभा राहून हाका देतो. बायका अजून हसतात.

मला एकच गोष्ट छळते. आबा होते तोवर त्यांची माझ्याकडे एकच तक्रार होती, तुझं मशीन मला ओळखत नाही. त्या दुपारी ते जर आबाच असतील, तर आपल्या भावासाठी ते माझ्या दाराशी आले होते. आणि मी लिहिलेल्या सिस्टीमनं त्यांना तीनही वेळा तेच सांगितलं, हा वापरकर्ता सापडला नाही.

अण्णांनी मात्र धाकट्या म्हटल्याबरोबर ओ दिली.